दोन-तीन वाक्यांचं वैधव्य

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत एक छोटं आत्मकथन लिहिलं. 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर' हे त्याचं नाव. मराठीत आपण त्याला 'साक्ष' म्हणू, कारण ख्रिस्ती मंडळींत या लेखनप्रकाराला साक्षच म्हणतात. मी देवाला कसा भेटलो किंवा कशी भेटले, हे चार लोकांपुढे उभं राहून सांगायचं. एका बैठकीत वाचून होतं, फोनवर स्कॅन झूम करत वाचलं तरी.

या पुस्तकात मला एक गोष्ट खटकली आणि मग अनेक महिने ती डोक्यात राहिली. रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने गेले. लग्नाला जेमतेम एकोणीस महिने झाले होते. रमाबाई तेवीस वर्षांच्या, मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याआधी १८७४ च्या आसपासच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेलेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेलेला. म्हणजे या बाईचं म्हणावं असं रक्ताचं माणूस आता ते तान्हं बाळ तेवढं. आणि साक्षीत नवऱ्याच्या मृत्यूला मिळतात दोन-तीन वाक्यं. सुखाच्या एकोणीस महिन्यांनंतर पती वारले, या मोठ्या दुःखाने मला देवाजवळ ओढलं, तो मला काही शिकवतो आहे असं वाटलं. इतकंच. पुढच्या परिच्छेदात आपण पुण्याला पोचलेलो असतो.

आता याच बाईने १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं. त्यात विधवांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. केशवपन, उपास, घरातली हेटाळणी, बालविधवांना 'नवऱ्याला खाल्लं' म्हणून मिळणारे शिव्याशाप, सगळं. तो मजकूर संतापाने थरथरतो. पण त्या प्रकरणात लेखिका स्वतः विधवा म्हणून कुठे उभीच राहत नाही. दुसऱ्यांच्या वैधव्यावर एक प्रकरण, स्वतःच्या वैधव्यावर दोन-तीन वाक्यं. हा हिशोब कसा लावायचा?

सोपं उत्तर असं की तेव्हाच्या बायका नवऱ्याबद्दल असं लिहीत नसत. हे उत्तर मला पटत नाही. रमाबाई 'तेव्हाच्या बायका' नव्हत्याच. ब्राह्मण बाईने बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी सिव्हिल मॅरेज केलं होतं. धाकट्या मुलांसमोर पुराण सांगावं तसं त्यांनी विद्वानांसमोर सांगितलं होतं. संकोच हा त्यांचा स्थायीभाव नाही. मला वाटतं उत्तर लेखनप्रकारात आहे.

आमच्या कामात एखादी सिस्टिम रात्री कोसळली की दोन प्रकारचा मजकूर मागे उरतो. एक म्हणजे लॉग. सेकंदासेकंदाची नोंद, अर्धी निरर्थक, अर्धी घाबरलेली. दुसरा आठवड्याने लिहिला जातो, त्याला आम्ही पोस्टमॉर्टेमच म्हणतो, आणि त्या शब्दाचं आता कुणाला काही वाटत नाही. त्यात घटनाक्रम असतो, मूळ कारण असतं, काय शिकलो असतं. पहाटे तीन वाजता कॉलवर पाच माणसं गप्प बसली होती आणि कुणालाच काही सुचत नव्हतं, हे त्यात नसतं. असायची पद्धत नाही.

रमाबाईंची साक्ष हे असं पोस्टमॉर्टेम आहे, घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेलं, मुख्यतः परदेशातल्या ख्रिस्ती पाठीराख्यांनी वाचावं म्हणून. या प्रकारात शेवट आधीच ठरलेला असतो. येशू भेटला, हा शेवट. मग मागचं सगळं आयुष्य त्या शेवटाकडे जाणारी पायरी होतं. वडिलांचं तीर्थाटन ही पायरी, दुष्काळ ही पायरी, नवरा ही पायरी. टीकाकार म्हणून बोलायचं तर या पुस्तकाचं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. माणसं त्यात स्वतःसाठी मरत नाहीत, लेखिकेला काहीतरी शिकवण्यासाठी मरतात.

पण चांगल्या लेखकाच्या पोस्टमॉर्टेममध्येही एखादी ओळ निसटतेच. इथे ती नवऱ्याच्या संदर्भातच निसटली आहे. सिल्चरला असताना रमाबाईंना घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाचं बंगाली भाषांतर सापडलं.  बिपिनबिहारी मिशन शाळेत शिकलेले, बायबल त्यांना ठाऊक होतं, पण ख्रिस्ती म्हणवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. मग ॲलन नावाचे एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागले. रमाबाईंना ते आवडू लागलं, ख्रिस्ती व्हावंसं वाटू लागलं, आणि नवरा भडकला. या मिशनऱ्याला घरी येऊ देणार नाही म्हणाला. इथे रमाबाई लिहून जातात की तो आणखी जगला असता तर पुढे काय झालं असतं, सांगता येत नाही. आणि त्यानंतर लगेच कॉलरा. त्यानंतर लगेच, दुःखाने देवाजवळ ओढलं.

ही तीन वाक्यं एकमेकांना खेटून बसली आहेत. नवऱ्याचा विरोध, नवऱ्याचा मृत्यू, देवाची जवळीक. मधला दुवा रमाबाई जोडत नाहीत. जोडता आलाही नसता. जोडला तर तो असा वाचला जाईल: ज्याच्यावर माझं प्रेम होतं तोच माझ्या वाटेत उभा होता, आणि तो गेल्यावर वाट मोकळी झाली. कुठली बाई हे लिहील? कुठल्या साक्षीत हे बसेल? तरीही 'सांगता येत नाही' हे तिने लिहिलंच. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हे आहे, आणि देवाबद्दलची सगळी वाक्यं त्याच्यानंतर येतात.

हे वाक्य मला इतकं का टोचलं, तेही सांगतो. माझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये नगरला गेले, दुसऱ्या लाटेत. दहाव्याला आम्ही चार जण होतो. भेटायला कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मागच्या गल्लीतल्या एक ख्रिस्ती काकू, निवृत्त नर्स, रोज दुपारी गेटला डबा अडकवून जायच्या. लाट ओसरल्यावर त्या आत येऊन बसायला लागल्या. वर्षभराने आई त्यांच्याबरोबर दर गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेला जाऊ लागली. बाप्तिस्मा वगैरे काही नाही. देवघरातले देव जागच्या जागी आहेत, त्यांची पूजाही होते. पण कपाटात आता 'उपासना संगीत' आहे, आणि आई स्वयंपाक करताना त्यातली गाणी गुणगुणते. त्यातली बरीचशी ना. वा. टिळकांची, अभंगाच्या चालीची, म्हणून कानाला परकी लागत नाहीत.

काकांचं म्हणणं असं, की वहिनींना दुःखात गाठलं. ते हे रागाने म्हणतात, पण वाक्य दुर्लक्ष करण्यासारखं नाही. दुःखात माणूस मऊ होतो, खरंच आहे. आणि बाबा असते तर आईला तिकडे जाऊ दिलं नसतं, हेही खरंच आहे. बाबा वारी करणारे होते. त्यांचा आवाज चढला नसता, पण त्यांनी नाही म्हटलं असतं आणि आई गेली नसती. आईचे गुरुवार मान्य करायचे म्हणजे बाबांच्या जाण्याने तिच्यासाठी एक दार उघडलं हेही मान्य करायचं. हे वाक्य मी काकांपुढे उच्चारू शकत नाही. आईपुढेही नाही. म्हणून रमाबाईंच्या मजकुरात ते अर्धवट लिहिलेलं सापडलं तेव्हा मी तिथे थांबलो.

तर 'दुःखात गाठलं' हा आरोप रमाबाईंवर लावून बघू. त्यांच्याही बाबतीत तो तेव्हा झालाच होता, वेगवेगळ्या शब्दांत. लॉग काय सांगतो?

नवरा फेब्रुवारी १८८२ मध्ये गेला. त्याच वर्षी ही बाई पुण्यात येते, आर्य महिला समाज काढते, 'स्त्रीधर्मनीति' छापते, इंग्रजी शिकायला लागते, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन भारतात स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगते. वैद्यकीय शिक्षण घ्यावं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला जाते. वाँटेजच्या मठात राहते. तिथे तिची सोबतीण आनंदीबाई भगत आत्महत्या करते. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाई मनोरमेसह बाप्तिस्मा घेतात. यात मऊ पडलेल्या, कुणीही उचलून न्यावं अशा विधवेचं चित्र मला कुठेच दिसत नाही. शोकात ही बाई झोपून नाही राहिली. तिने शोक कामात घातला, आणि कदाचित म्हणूनच तो वाक्यांत आला नाही.

बाप्तिस्म्यापर्यंत आणणारी गोष्ट साक्षीत स्पष्ट सांगितली आहे, आणि तिचा नवऱ्याच्या मृत्यूशी थेट संबंध नाही. वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. तिथे 'वाया गेलेल्या' समजल्या जाणाऱ्या बायकांसाठी आश्रम होता. रमाबाईंना धक्का बसला तो तिथल्या वागणुकीचा. अशा बायकांना आपल्याकडचं शास्त्र काय म्हणतं हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि इथे त्यांना कुणी जेवायला वाढत होतं, कामाला लावत होतं, नावाने हाक मारत होतं. हे का करता, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली, योहानच्या चौथ्या अध्यायातली. तिथे रमाबाईंचा निर्णय होतो. स्वतःला दिलासा मिळाला म्हणून नाही. टाकलेल्या बाईला उभं करणारी व्यवस्था बघितली म्हणून.

आणि मग त्या मुकाट्याने विश्वास ठेवतात का? अजिबात नाही. सिस्टर जेराल्डीनबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये छापला, आणि मला विचाराल तर साक्षीच्या आधी तोच वाचावा. रमाबाई या सिस्टरला 'आजीबाई' म्हणायच्या. माया होती, आणि भांडण त्याहून मोठं होतं. त्रैक्याचा सिद्धांत मला बायबलमध्ये दाखवा. पाद्री म्हणतो म्हणून मी मान्य का करू? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? चेल्टनमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली तेव्हा तर त्या खवळल्याच. आपल्या देशात मी पुरुषांच्या सभांतून बोलत आले, आणि इथे मला शिकवता येत नाही? हिंदू धर्मातल्या पुरोहितांपासून सुटून ख्रिस्ती पुरोहितांच्या ताब्यात जाण्याची या बाईची तयारी नव्हती, आणि ते तिने विशीच्या शेवटी, परक्या देशात, दुसऱ्यांच्या पैशांवर राहत असताना लिहून कळवलं.

आपल्या शालेय पुस्तकांतल्या रमाबाईंना श्रद्धा नसते. त्या समाजसुधारक असतात, ख्रिस्ती झाल्या हे एका ओळीत, जमलं तर न लिहिताच, उरकतात. मिशनच्या पुस्तिकांतल्या रमाबाईंना डोकं नसतं, अंधारातून उजेडात येणं एवढंच त्यांचं काम. पत्रांत दोन्ही आहेत, आणि एकमेकांशी झटापट करत आहेत.

सांत्वनाची गोष्ट तर आणखी पुढची. साक्षीत रमाबाई सरळ सांगतात की १८८३ मध्ये मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला साधारण आठ वर्षं गेली. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांनी वाचलं आणि तेव्हा कुठे १८९१ च्या सुमारास त्यांना शांती मिळाली. म्हणजे नवरा गेल्यानंतर नऊ वर्षांनी. दरम्यान त्यांनी अमेरिका पालथी घातली होती, मुंबईत ११ मार्च १८८९ ला शारदा सदन उघडलं होतं, ते पुण्याला हलवलं होतं. आधी घर, मग शांती. क्रम लक्षात घ्या. दुःखात गाठून दिलासा विकला असता तर ग्राहकाने नऊ वर्षं वाट बघितली नसती.

शारदा सदनात आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं नाव गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. त्याच वर्षी सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून 'केसरी'ने रान उठवलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादात रमाबाईंचं म्हणणं असं होतं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी बंदही करणार नाही. हे उत्तर पूर्ण समाधानकारक आहे का? नाही. आश्रयाला आलेल्या मुलीसाठी उघडं दार हेही एक प्रकारचं बोलावणंच असतं. काकांच्या आरोपातला जो भाग टिकतो तो इथे टिकतो, विधवा रमाबाईंबाबत नव्हे, विधवांना आसरा देणाऱ्या रमाबाईंबाबत. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण पत्रव्यवहार आणि नंतरचा केडगावचा इतिहास वाचून दुसरं काही म्हणता येत नाही.

लॉग म्हणून लिहिलेलं वैधव्य कसं असतं, हे बघायचं तर सी. एस. लुईसचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' आहे. नार्नियावाला लुईस. त्याची बायको जॉय डेव्हिडमन जुलै १९६० मध्ये कॅन्सरने गेली. त्याने घरात सापडलेल्या वह्यांत लिहायला घेतलं, आणि १९६१ मध्ये ते एन. डब्ल्यू. क्लार्क या खोट्या नावाने छापलं. ख्रिस्ती धर्माचा हा जगप्रसिद्ध वकील त्यात देवावर दार तोंडावर आपटल्याचा आरोप करतो, आणि धर्मातल्या दिलाशाच्या गप्पा माझ्यापुढे मारू नका, असं बजावतो. सत्य सांगा, कर्तव्य सांगा, ऐकेन. दिलासा नको. पण लुईस आधीच श्रद्धावान होता, त्याला श्रद्धा टिकवायची होती. रमाबाईंना ती घडवायची होती, आणि सोबत पोर वाढवायचं होतं. लुईसचे मित्र त्याला भेटू नये म्हणून रस्ता बदलत, असं तो लिहितो. रमाबाईंकडे रस्ता बदलायला मित्र तरी किती उरले होते!

आपल्या भाषेतलं तिसरं टोक म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून १८९५ पासून काही वर्षं त्या त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या. कुंकू शाबूत आणि संसार मोडलेला. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याच्या सांगण्याने नव्हे, शिवाशिवीचा स्वतःचा प्रश्न स्वतः सोडवून. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर अडलेलं होतं. शाळेचं तोंडही न बघितलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून जास्त अध्याय रचले. नवऱ्याचं अपुरं काम पुरं करणं, तेही ओवीत. 'स्मृतिचित्रे'मध्ये शोकाला जागा आहे आणि हसण्यालाही, कारण ती साक्ष म्हणून लिहिलेली नाही. शेवट ठरवून न लिहिण्याचा तो फायदा. आणि गंमत म्हणजे रमाबाईंचं एक मोठं मराठी चरित्र लिहिलं ते लक्ष्मीबाईंच्याच मुलाने, देवदत्त टिळकांनी.

मी आईला एकदा विचारलं, गुरुवारी तिथे बरं वाटतं का. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "बरं टीव्ही बघूनही वाटतं रे." पुढे काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढ्यावरून तिच्या श्रद्धेबद्दल सिद्धांत मांडायचा नाही, पण 'दिलाशासाठी जाते' हे काकांचं आणि काही अंशी माझंही गृहीतक त्या वाक्यात बसत नाही. रमाबाईंच्या मजकुरातही बसत नाही. शोक आणि श्रद्धा यांची तारीख जवळजवळची असली म्हणून एकातून दुसरं आलं, असं होत नाही. आमच्याकडे नवशिक्यालाही पहिल्या महिन्यात हे शिकवतात: एका पाठोपाठ एक आलेल्या दोन नोंदींना कारण आणि परिणाम समजू नये.

साक्ष १९०७ पाशी संपते. त्यानंतर रमाबाई पंधरा वर्षं जगल्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत. संस्थेचा सगळा भार ज्या मनोरमेवर टाकायचा होता ती जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधले नऊ महिने त्या भाषांतराच्या कामाला चिकटून होत्या. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या, त्यांतल्या किती तरी विधवा.